‘त्यातूनच सोड’ म्हणाले, लिहून मात्र कुणी दिलं नाही

मॅडम, नमस्कार.

मी जीएनएम, म्हणजे डिप्लोमा झालेली नर्स. मुलुंडच्या एका छोट्या नर्सिंग होमच्या आयसीयूत काम करते. मागच्या पंधरवड्यात नाइटला होते. साठीतले एक काका, किडनी फेल, सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), मानेत डायलिसिसचं दोन पोर्टचं, म्हणजे लाल आणि निळं अशा दोन तोंडांचं, कॅथेटर. दोन्ही हात सुजलेले. नॉरॲड, म्हणजे बीपी वर ठेवणारं औषध, मनगटाजवळच्या निळ्या इंट्राकॅथमधून (शिरेत घालायची छोटी नळी) चालू होतं. पावणेतीनच्या सुमारास इंट्राकॅथ आऊट झालं, औषध शिरेबाहेर गेलं, तिथली कातडी पांढरी पडली, मी पंप थांबवला. बीपी ७०/४०. दुसरी व्हेन मिळेना. ड्युटीवरचे डॉक्टर, आरएमओ सर, खाली कॅज्युअल्टीत होते. फोनवर म्हणाले, ‘डायलिसिसच्या लाइनमधूनच सोड, मी येतो.’ मी निळ्या पोर्टला १० एमएल सलाइनचा फ्लश देऊन (नळी साफ करायला सलाइन आत ढकलून) ताशी ३ एमएलने नॉरॲड जोडलं. वीसेक मिनिटं बीपी हलेना. सरांनी फोनवर रेट दुप्पट करायला सांगितला. मग बीपी एकदम १९० वर गेलं, परत रेट कमी केला. टोचलेल्या जागांमधून पहाटेपर्यंत रक्त झिरपत होतं. सर तासाभराने येऊन बघून गेले, फाइलवर काही लिहिलं नाही. हँडओव्हर देताना मी लाइनचं तोंडी सांगितलं.

दिवसाच्या स्टाफने लाल पोर्टमधून अँटिबायोटिक दिलं, रक्तही काढलं. दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या टेक्निशियनला लाल पोर्ट बंद मिळालं. नवीन लाइन टाकावी लागली. नातेवाईक बिलावरून भांडले. आता इनचार्ज म्हणतात, ‘डायलिसिस कॅथेटरचा वापर मी स्वतःच्या निर्णयाने केला’ असं लिहून दे. माझी मूळ सर्टिफिकेटं मॅनेजमेंटकडे आहेत. काका बरे आहेत, वॉर्डात शिफ्ट झालेत. त्यांची मुलगी मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारते, त्या रात्री काय झालं होतं? मी काय सांगू? माझी चूक झाली का? काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदार कोण? इथे सगळ्याच सिस्टर असंच करतात.

– एक स्टाफ नर्स (नाव छापू नका)


इनचार्जने सांगितलेलं ते वाक्य लिहून देऊ नकोस. बाकी सगळं नंतर. ‘स्वतःच्या निर्णयाने’ हे शब्द खरे नाहीत, आणि एकदा तुझ्या सहीवर गेले की ते खोटे आहेत हे तुलाच सिद्ध करत बसावं लागेल. अहवाल द्यायला मात्र नाही म्हणू नकोस. ‘घटनेचा अहवाल मी लेखी देते, उद्यापर्यंत वेळ द्या’ एवढंच म्हण. अहवाल तुझ्या शब्दांत जाईल. कसा, ते पुढे सांगते.

आणि एक काम आजच कर. काका वॉर्डात आहेत म्हणतेस. नॉरॲड जिथे बाहेर गेलं ती मनगटाची जागा कुणी रोज बघतंय का? तिथली कातडी काही दिवसांनी काळी पडून सुटू शकते. वॉर्डच्या सिस्टरला आणि डॉक्टरला सांग, आणि सांगितल्याची नोंद होऊ दे.

आता चुकीबद्दल. बीपी ७०/४०, हातातली लाइन गेलेली, नवी मिळत नाही, आणि मानेत मोठ्या शिरेपर्यंत पोहोचलेली नळी समोर आहे. अशा घडीला तिला नॉरॲड जोडलं यात मला गुन्हा दिसत नाही. ‘ती डायलिसिसची लाइन आहे, मी हात लावणार नाही’ असं म्हणून तू उभी राहिली असतीस आणि काका गेले असते, तर तुला आजच्यापेक्षा फार अवघड प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली असती.

कॅथेटरच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद असतो. पाकीट फाडलं की तो थेट कचऱ्यात जातो. ती वस्तू कशासाठी बनवली ते त्यावर लिहिलेलं असतं. तुझ्या काकांच्या कॅथेटरच्या कागदावर डायलिसिस लिहिलेलं असणार, नॉरॲड नाही. त्या कागदाबाहेरचा वापर म्हणजे ऑफ-लेबल, आणि आपल्या कामात तो पावलोपावली आहे. छातीत हवा कोंडून पेशंट जायला लागला की १४ नंबरचं केशरी इंट्राकॅथ बरगड्यांमधून आत घालतात. बनवलंय ते शिरेसाठी, पण ही रीत ट्रॉमाच्या डॉक्टरांना रीतसर शिकवली जाते. गॅस्ट्रोस्टोमीची, म्हणजे पोटावरून थेट जठरात घातलेली, नळी निसटली की भोक बुजू नये म्हणून तात्पुरती फोलीज (लघवीची नळी) घालतात, तेही चालून जातं. नवजात बाळाच्या नाळेतल्या शिरेत इन्फंट फीडिंग ट्यूब घालतात, ते मात्र मला कधीच पटलं नाही. ती ट्यूब दुधासाठी आहे, रक्तात राहण्यासाठी नाही. आणि एकदा ती शिरेत गेली की चुकून दुधाची सिरिंज तिला लागायला कितीसा वेळ लागतो? सीटीला पाठवलेल्या पेशंटचंही तसंच. हाताच्या पिक लाइनवर (हातातून छातीपर्यंत नेलेली बारीक लांब नळी) प्रेशर इंजेक्टर चालेल असं छापलेलं नसताना तिला काँट्रास्टचं मशीन जोडलं, तर नळी आत फुटू शकते.

त्यामुळे ऑफ-लेबल म्हटलं म्हणून लगेच बेकायदा ठरत नाही, आणि लगेच माफही होत नाही. दुसरा मार्ग होता का, ठरवलं कुणी, आणि त्या वस्तूचा धोका ओळखून ती हाताळली का, हे पाहिलं जातं. तुझ्या रात्री दुसरा मार्ग नव्हता. ठरवलं कुणी याचं उत्तर कागदावर नाही. आणि धोका ओळखण्यात तू कमी पडलीस, ते स्पष्टच सांगायला हवं.

तू आधी सिरिंजने नळीतलं मागे ओढलं नाहीस, सरळ फ्लश दिलास.

डायलिसिस झाला की टेक्निशियन दोन्ही नळ्यांत हेपॅरिन भरून क्लॅम्प लावतो, रक्त गोठू नये म्हणून. यालाच लॉक म्हणतात. किती भरायचं ते नळीवर किंवा क्लॅम्पवर बारीक आकड्यांत छापलेलं असतं. १.२, १.३, १.५ एमएल, कॅथेटरच्या लांबीप्रमाणे. पुढच्या ड्युटीला बघ, नुसत्या डोळ्यांनी कष्टाने वाचता येतात. आता हिशेब. आपल्याकडे हेपॅरिनच्या ५ एमएलच्या व्हायल मिळतात, काहींत एमएलला १००० युनिट, काहींत ५०००. कुणी पातळ करून भरतं, कुणी तसंच. ५००० चं तसंच भरलं असेल आणि नळी १.३ एमएलची असेल, तर एका पोर्टमध्ये ६५०० युनिट बसलेले असतात. फुफ्फुसात गुठळी गेलेल्या पेशंटला उपचाराचा पहिला डोस किलोमागे ८० युनिट देतात. साठ किलोच्या माणसाला झाले ४८००. म्हणजे तुझ्या फ्लशने त्याहूनही जास्त हेपॅरिन एका दमात आत ढकललं असू शकतं, तेही ज्याला त्याची गरज नव्हती अशा माणसाला. पहाटेपर्यंत झिरपत होतं ते बहुधा त्यामुळे. बहुधा म्हणते, कारण किडनीच्या पेशंटचं रक्त तसंही लवकर थांबत नाही आणि सेप्सिसने त्यात भर पडते. त्या रात्री एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) पाठवला असता तर कळलं असतं, आणि गरज पडली असती तर प्रोटामिन, म्हणजे हेपॅरिनचा उतारा, देता आलं असतं. पण लॉकचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, तर एपीटीटी कोण पाठवणार?

डायलिसिस कॅथेटरमध्ये काहीही ढकलण्याआधी लॉक मागे ओढून टाकायचं. क्लॅम्प बंद आणि पेशंट आडवा असतानाच टोपण काढायचं, कारण इतक्या जाड नळीतून, माणूस बसलेला असेल तर, एका खोल श्वासाबरोबर हवा आत खेचली जाते. हब (नळीचं तोंड) नीट घासायचा, सिरिंज लावायची, मग क्लॅम्प उघडून ३ ते ५ एमएल ओढून फेकायचं, गुठळी दिसते का बघायचं, आणि मग सलाइन. ओढून काही येत नसेल तर थांबायचं. अडलेल्या नळीत जोर लावला की गुठळी आत जाते.

रेट दुप्पट केल्यावर बीपी १९० वर का गेलं, तेही समजून घे. तुझ्या फ्लशनंतर नळीत १.३ एमएल सलाइन भरलेलं होतं. ताशी ३ एमएलने चालणाऱ्या पंपाला तेवढं सलाइन पुढे सरकवायला २६ मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत नॉरॲडचा एक थेंबही काकांपर्यंत पोहोचत नाही. तुम्हा दोघांना वाटलं औषध लागू पडत नाही. मग औषध पोहोचलं ते दुप्पट वेगाने. सोबत सलाइन वाहतं ठेवायचं की नळी आधी औषधाने भरायची, हे डॉक्टरने ठरवायचं आणि बेडजवळ उभं राहून ठरवायचं, कॅज्युअल्टीतून फोनवर नव्हे. पुढचा धोका याच्याही उलटा होता. नॉरॲड भरलेल्या त्या निळ्या पोर्टला सकाळी कुणी बेसावधपणे फ्लश दिला असता, तर नळीतलं सगळं औषध एका झटक्यात आत गेलं असतं. लाइनवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत ‘नॉरॲड चालू, फ्लश नको’ लिहायला हवं होतं. तोंडी हँडओव्हर चहा येईपर्यंत टिकतो.

आता लाल पोर्टकडे ये. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तूच लिहिलीस आणि तुझ्याच लक्षात आली नाही. तू निळं पोर्ट वापरलंस. गोठलं ते लाल. लाल पोर्टमधून अँटिबायोटिक दिलं आणि रक्त काढलं ते दिवसपाळीने, आणि ते झाल्यावर पुन्हा हेपॅरिन भरून लॉक केल्याचं तू कुठेच म्हणत नाहीस. नातेवाईकांनी ज्या लाइनच्या बिलावरून भांडण काढलं ती लाइन तुझ्यामुळे गेली असं मानायला मला आधार दिसत नाही. कोणतं पोर्ट, हे अहवालात पहिल्या पानावर आलं पाहिजे.

दिवसपाळीच्या त्या वापराला मी ‘आणीबाणी’ म्हणणार नाही. अँटिबायोटिक थांबू शकतं, रक्त दुसरीकडून काढता येतं. लाइन समोर आहे म्हणून वापरली, एवढंच. दर वेळी उघडल्यावर जंतूंना वाट मिळते, आणि डायलिसिसच्या पेशंटचा सगळा आठवडा त्या नळीवर चालतो. ‘सगळ्याच सिस्टर करतात’ हे वाक्य इथे लागू पडतं, आणि इथेच ते सगळ्यात कमी कामाचं आहे. ग्राहक आयोगापुढे किंवा पोलिसांपुढे ते सांगितलं, तर तिथे नियम कुणीच पाळत नाही एवढंच सिद्ध होतं.

माझ्या मते त्या रात्रीची मूळ चूक पावणेतीनला झालीच नाही. ती संध्याकाळी झाली, जेव्हा हात सुजलेल्या माणसाचं नॉरॲड मनगटावरच्या निळ्या २२ नंबरवर सोडून सगळे घरी गेले. सेप्सिससाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हातातून नॉरॲड सुरू करायला हरकत घेत नाहीत, पण थोड्या वेळासाठी, आणि कोपराच्या लवणीत किंवा त्याच्या वरच्या शिरेतून. तोवर सेंट्रल लाइन पडायला हवी. ती का पडली नाही, हे कन्सल्टंटना विचारायचं.

जबाबदार कोण, हा तुझा खरा प्रश्न. पैशांची भरपाई ग्राहक आयोगात मागतात. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं, आणि तिथे नोकराच्या कामाचा भार मालकावर जातो. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या निकालात नर्सने लहान मुलाच्या शिरेत इंजेक्शन दिलं होतं, मेंदूला कायमची इजा झाली. मुलासाठी साडेबारा लाख आणि आई-वडिलांसाठी वेगळे पाच लाख अशी भरपाई झाली आणि हॉस्पिटल जबाबदार धरलं गेलं. आता कळलं का, ‘स्वतःच्या निर्णयाने’ हे शब्द कशासाठी हवेत? त्यांनी हॉस्पिटल सुटेलच असं नाही, पण तुला पुढे उभं करायला ते पुरेसे आहेत.

कंपनीकडे बोट दाखवायची सोय नाही. २०१८ पासून लागू असलेले मेडिकल डिव्हायसेस रूल्स मुख्यतः बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला बांधतात. वापर कागदाबाहेर गेला की कंपनी मोकळी होऊ पाहते, आणि वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, असं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८७ मध्येच आहे. म्हणजे ऑफ-लेबलचा भार हॉस्पिटल, डॉक्टर आणि तू यांच्यातच वाटला जातो.

आणि पोलीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम १०६(१): निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं झालं तर दोन वर्षांपर्यंत. हा व्यावसायिक कोण, ते त्याच कलमाखाली स्पष्ट केलंय: राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य पात्रता आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. त्यात नर्स नाही. एका बेडशी, एका घटनेत, डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि सिस्टरला कमाल पाच. हे वाचून मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही. तुझे रात्रीचे आरएमओ बीएएमएस किंवा बीएचएमएस असतील, आणि उपनगरातल्या नाइटला बऱ्याचदा असतात, तर या सवलतीत तेही बसत नाहीत. मुंबईतल्याच एका प्रकरणात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं होतं. म्हणून अशा निर्णयाला कन्सल्टंटचा होकार घ्यायचा, रात्री तीनला उठवून का होईना.

घाबरू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे फौजदारी खटल्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो. तुझे काका तर बरे झालेत. पण ‘डॉक्टरांनी सांगितलं’ एवढ्यावर पूर्ण सुटका होते असंही समजू नकोस. काय द्यायचं हे डॉक्टरचं, कसं दिलं हे आपलं. लॉक मागे ओढणं आपल्या हातातलं काम आहे. मात्र ते तुला कुणी दाखवलं का, हा प्रश्न चौकशीत यायला हवा. टेक्निशियन बाहेरच्या एजन्सीचा असतो, येतो, मशीन चालवतो, जातो, आणि लॉक कसलं, किती, ते त्याच्या वहीत राहतं. आयसीयूच्या फाइलवर ते असतं तर तू रात्री वाचलं असतंस.

आता अहवाल. आधी सरांना केलेल्या फोनचे कॉल लॉग स्क्रीनशॉट काढून ठेव. सगळं आठवून पेशंटचं नाव न घालता घरी लिहून काढ. मग अहवाल लिही: तारीख, वेळ, काय दिसलं, कुणाला सांगितलं, कुणी काय म्हटलं, मी काय केलं, पुढे काय दिसलं. मत नाही, आरोप नाही, माफीही नाही. म्हणजे असं:

‘पहाटे २.४५. मनगटावरील २२ जी इंट्राकॅथजवळ सूज, त्वचा पांढरी. नॉरॲड थांबवले. बीपी ७०/४०. दुसरी शीर मिळाली नाही. ड्युटी आरएमओंना फोन. डायलिसिस कॅथेटरमधून नॉरॲड सुरू करण्याची तोंडी सूचना मिळाली. निळ्या पोर्टला १० एमएल सलाइन देऊन ताशी ३ एमएलने सुरू. लॉक काढल्याशिवाय फ्लश दिला. लाल पोर्ट वापरले नाही.’

‘लॉक काढल्याशिवाय’ हे लिहायला हात थरथरेल. लिही. दुसऱ्या कुणी ते शोधून काढण्यापेक्षा तुझ्या कागदावर असलेलं बरं, आणि त्यामुळे उद्या दुसऱ्या सिस्टरच्या हातून हेच होणार नाही. फाइलवर राहिलेली नोंदही कर, पण जुन्या जागी कोंबून नाही. आजची तारीख आणि वेळ टाकून, ‘विलंबाने नोंद’ असं लिहून. मागची तारीख घातली की तुझी खरी गोष्टही खोटी ठरते. अहवालाच्या एका प्रतीवर पोच घे, किंवा मेट्रनना मेल कर.

पुढच्या वेळी तोंडी सूचना आली की ती मोठ्याने परत म्हण, सोबतच्या सिस्टरला ऐकू दे, ऑर्डर शीटवर वेळेसह लिही. सर आले की आधी पेन पुढे कर. तासाभराने आले होते ना, तेव्हा फाइल त्यांच्या हातात हवी होती. सही नाही केली तर ‘सहीसाठी सांगितले’ अशी नोंद. फोनवरचा माणूस दोन ओळी व्हॉट्सॲपवर टाकायला तयार नसेल, तर त्याच्या मनात काय आहे ते तुला कळलंच.

नर्सिंग होमकडून दोन गोष्टी माग, अहवालाच्या शेवटी लेखी. डायलिसिसच्या लॉकची नोंद आयसीयूच्या चार्टवर. आणि ज्या पेशंटला नॉरॲडसारखी ड्रिप लागणार हे दिसतंय, त्याला तीन ल्यूमेनचं, म्हणजे आत तीन वेगळ्या वाटा असलेलं, डायलिसिस कॅथेटर. त्यातला तिसरा बारीक ल्यूमेन औषधांसाठीच असतो आणि त्याच्या कागदावर तसं लिहिलेलंही असतं. महाग पडतं म्हणतील. बंद पडलेल्या लाइनचं बिल किती झालं, ते त्यांच्याकडे आहेच.

सर्टिफिकेटं अडवून ठेवायचा हक्क कुणालाही नाही. लेखी अर्ज देऊन परत माग, पोच घे. दाद दिली नाही तर ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेशी बोल. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नर्सिंग कौन्सिलची तुझी नोंदणी चालू आहे ना, तेही एकदा बघून घे. चौकशीच्या वेळी ती संपलेली निघाली तर बाकी सगळं बाजूला राहतं.

राहिली काकांची मुलगी. तिला टाळू नकोस आणि खोटं सांगू नकोस. ‘हाताची लाइन गेली, बीपी पडलं होतं, म्हणून त्या रात्री डायलिसिसच्या लाइनमधून औषध दिलं. सविस्तर डॉक्टर सांगतील’ एवढं सांग, आणि तिने विचारलं होतं हे त्याच दिवशी कन्सल्टंटना कळव. समजावणं त्यांचं काम आहे. तिने केस पेपर मागितले तर मागू दे. अर्जानंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात. तुझी विलंबाने केलेली नोंद त्याआधी फाइलवर लागलेली असू दे.